झोळीतलं वजन

बाळंतिणीची खोली म्हणजे घरातलं एक निराळंच संस्थान असतं. बाहेर दिवाळी चालू असते आणि आत तिचा नुसता वास येतो. चिखली तालुक्यातल्या माझ्या माहेरी मी हा अनुभव पुरेपूर घेतला. माजघरात अनारशांचं पीठ मळलं जात होतं, चकल्यांचे घाणे निघत होते, आणि मी मात्र ओवा-बाळंतशेपांच्या धुरीत, कानाला रुमाल बांधून, समोर डिंकाचा लाडू घेऊन बसलेली. चकलीकडे नुसतं पाहिलं तरी आई म्हणायची, "तुले नाई हं ते. लेकराले खोकला होईन."

खरं सांगायचं तर मला चकलीची फारशी इच्छाही नव्हती. मला एकाच गोष्टीनं ग्रासलं होतं. बाळ रडत होतं. दिवसा रडत होतं, रात्री रडत होतं, प्यायला घेतलं तरी दोन मिनिटांत तोंड काढून पुन्हा रडत होतं. जन्मलं तेव्हा ते २ किलो ७०० ग्रॅमचं होतं. सातव्या दिवशी भरलं २ किलो ४५०. पहिल्या आठवड्यात बाळं थोडी उतरतातच, हे मला ठाऊक होतं. पण चौदाव्या दिवशीही काटा २६०० वरच थांबला, तेव्हा जे ठाऊक होतं ते सगळं मी विसरले.

हे वजन करायला येत असत आमच्या आशाताई. पाठीला पिशवी, पिशवीत एक ताणकाटा, कापडाची झोळी, थर्मामीटर आणि एक घड्याळ. ताईंचं खरं नाव निराळंच आहे. 'आशा' ही इंग्रजी नावाची आद्याक्षरं. ही योजना २००५ साली आली. पण आमच्या आजीची अजून समजूत आहे, की सरकारनं गावोगाव आशा नावाच्याच बायका हुडकून काढल्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालेलं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. या सगळ्या खेपा पुऱ्या केल्या म्हणजे त्यांना मिळतात २५० रुपये! एवढ्या पैशांत शहरात आमच्याकडे कोणी गिझरसुद्धा उघडून बघत नाही.

झोळीत घालून बाळ ताणकाट्याला टांगलं, की आजी हटकून म्हणायची, "काऊन वो, वेचाई काढू रायली का?" कापूस वेचणाऱ्या बायकांना मजुरी किलोवर मिळते आणि शेताच्या बांधावर अशाच काट्याला गाठोडं अडकवून मोजमाप होतं. दिवाळीच्या सुमाराला पहिली वेचणी चालू असते. सोयाबीन निघालेलं, त्याच्या भावाची कुरकुर ओसरीवर रोजचीच. तेव्हा आजीचा विनोद वेळेला धरूनच होता. मला मात्र हसू येत नव्हतं.

चौदाव्या दिवशी ताईंनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे माझ्या शेजारी बसून बाळाला धरायचं कसं हे दाखवलं. तोंड मोठं उघडू द्यायचं, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा, हनुवटी टेकलेली हवी, नुसतं टोक नव्हे तर भोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात जायला हवा. एक बाजू संपू द्या, मग दुसरी. रात्रीसुद्धा पाजा. चौदा दिवस मी त्याला चुकीचं धरत होते, आणि दोष देत होते माझ्या दुधाला.

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. ताईंचं लक्ष कोनाड्यातल्या सहाणेकडे गेलं. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, बदाम. आई रोज सकाळी न्हाऊन ही गुटी उगाळायची नि मधाच्या बोटानं चाटवायची.

"काकू, सहा महिने आईचं दूध फक्त. पाणीसुद्धा नाही. आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नाही."

आई काही बोलली नाही. ताई उंबरठा ओलांडून गेल्या, तशी मात्र म्हणाली, "म्या तिघं वाढवले ते काय हवेवर?"

पुढचे चार दिवस आम्ही मायलेकी कामापुरतंच बोललो. सहाण कोनाड्यातून हलली नाही, पण ओलीही झाली नाही. धनत्रयोदशीला बाबा चिखलीच्या बाजारातून पणत्या, लाह्या, बत्तासे आणि दुधाच्या पावडरीचा एक डबा घेऊन आले. डबा त्यांनी कोणाला न विचारता माझ्या उशाशी ठेवला. या डब्यांवर बाळाचं चित्र छापायला कायद्यानं बंदी आहे. उलट आईचं दूधच सर्वोत्तम, असं त्यांच्यावर लिहावं लागतं. हा कायदा १९९२ चा. रात्री जाग आली की मी ती ओळ वाचायची, नि मला वाटायचं, डबासुद्धा मला टोचून बोलतो आहे.

त्या रात्री दोनच्या सुमाराला मी बाळाला पाजत रडत होते. आई उठून पायाशी येऊन बसली. बराच वेळ नुसते माझे पाय दाबत राहिली.

"तुह्या आधी एक होता," ती म्हणाली. "सतरा दिवसांचा."

मला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"रडे, मंग रडायचा राहिला. सगळे म्हणत, गुणाचं आहे लेकरू, त्रास देत नाई. म्या बी तेच म्हणे." मग थोड्या वेळानं, "त्याचं वजन कोणं केलंच नाई."

मी काय बोलणार? तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांत हेच काम केलं होतं. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळं तपासायची, तोलायची, ऊब द्यायची. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०११ साली देशभर आशांच्या हाती ती पिशवी गेली. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण सतरा दिवसांच्या त्या माझ्या भावाच्या वेळी आमच्या दारात कोणी पिशवी घेऊन येणार नव्हतं, आणि ही आकडेवारी आईला त्या रात्री सांगण्यात काही अर्थ नव्हता. इथून सिंदखेडराजा फार दूर नाही. आमच्या बारशाला जिजाऊंचं नाव घेतल्यावाचून पाळणा हलत नाही. पण पाळण्याच्या दोरीमागची आई रात्री किती वेळा दचकून उठत असेल, हे त्या गाण्यांत नसतं.

एकविसावा दिवस लक्ष्मीपूजनाचा निघाला. मला वाटलं, आज काही ताई येत नाहीत. त्यांच्याही घरी केरसुणीची पूजा, त्यांचीही पोरं. पण सकाळी सातलाच त्या हजर. केसांना अभ्यंगाचं तेल तसंच. "संध्याकाळी नाही जमणार, म्हणून आत्ताच आले," म्हणाल्या.

बाहेर कोणीतरी फटाका लावला. बाळानं दोन्ही हात पसरून दचका घेतला नि रडू लागलं. झोळी हलत होती, काटा स्थिर होईना. तेवढ्यात आई पुढं आली.

"मले पकडू दे," म्हणून तिनं काट्याची वरची कडी आपल्या हातात घेतली. पिठाचे हात तसेच. ताईंनी काटा वाचला, पुन्हा वाचला. २ किलो ८५०.

आईनं कडी सोडलीच नाही. "पुन्हा पाह्य," म्हणाली. ताईंनी पुन्हा पाहिलं. तेवढेच. जाताना ताईंनी चहा नको म्हटलं, आणखी दोन घरं होती; पण आईनं जबरदस्तीनं डबा भरून फराळ दिला. उंबरठ्यावरून मागं वळून ताई मला म्हणाल्या, "चकली खा बरं ताई, काही होत नाही." आईनं ते ऐकलं, आणि न बोलता दोन चकल्या माझ्या ताटलीत टाकल्या. जरा मऊ पडल्या होत्या.

पाडव्याला हे आले. रात्रीच्या गाडीनं मलकापूर, तिथून एसटीनं मोताळा, राजूर घाट, बुलढाणा करत. अंग मोडलेलं, डोळे लाल. पायावर पाणी पडायच्या आधीच आई दारातून म्हणाली, "जावईबापू, अडीचशे ग्रॅम!" ह्यांना वाटलं, काहीतरी आणायचं राहिलं.

डबा बाबा परत घेऊन गेले. दुकानदार पैसे देईना. तेव्हा बदल्यात त्यांनी आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या.