निस्तं उत्तर

"मावशी, निस्तं उत्तर सांगा. रीत मी लावते."

माझ्याकडे गणितं विचारायला येणारी मुलगी असं म्हणते, तेव्हा त्यात चूक काय, हे मला स्वतःला नीट सांगता येत नाही. चूक आहे असं मात्र आतून वाटतं, आणि त्यामागे एक म्हण उभी असते: दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिऊ नये. आमच्या लहानपणी ती सारखी कानावर पडायची. गाईड उघडलं की ऐकायची, मैत्रिणीची वही घरी आणली की ऐकायची, शिकवणी लावू का असं विचारलं तरी ऐकायची. म्हणीशी कुणी वाद घालत नाही, म्हणून ती तशीच मनात बसून राहिली.

आता वाटतं, वाद घालायला हवा होता. दुसऱ्याच्या ओंजळीनं खरोखर पाणी कोण पितं? तान्हं लेकरू. तापानं फणफणलेलं माणूस. ज्याचे हात भाजलेत तो. म्हणजे ज्याला दुसऱ्या कुठल्याच तऱ्हेनं पाणी मिळणार नाही, तोच. ज्याची स्वतःची ओंजळ धड आहे, तो कशाला दुसऱ्याच्या हाताला तोंड लावेल? मग ही म्हण नेमकी कुणाला नको म्हणते?

आणि ओंजळ स्वतःची असून भागत नाही, हे तर महाराष्ट्राला चांगलं ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसं पाणवठ्याच्या कडेला स्वतःची ओंजळ पुढे करून उभी राहिली आणि वरून कुणी ओतेल तेवढंच प्यायली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी घेतलं तेव्हा ओंजळ नवी नव्हती. पाण्यापर्यंत जाण्याचा हक्क नवा होता. म्हण ओंजळ कुणाची एवढंच पाहते. तळं कुणाचं, हे ती विचारत नाही.

जालन्यात राहून ही म्हण उच्चारणं तर आणखी कठीण. इथे नळ कित्येक दिवसांनी येतो. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव एकटा पुरेना, म्हणून पैठणहून जायकवाडीचं पाणी आणावं लागलं. अख्खं गाव दुसऱ्याच्या ओंजळीनं पितं आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मग पदार्थविज्ञानाच्या एका गणितापाशी आपण स्वावलंबनाची एवढी चाड का धरतो?

ही मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. अकरावीला सायन्स घेतलं आणि एका उन्हाळ्यात तिची सगळी पुस्तकं इंग्रजी झाली. वडील एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात पाळीवर जातात, आई शिवणकाम करते. घरात प्रेम भरपूर आहे, मोलॅरिटी समजावून सांगणारं कुणी नाही. क्लासची फी एका विषयाची परवडते, विषय तीन आहेत. मघाच्या त्या तापानं फणफणलेल्या माणसासारखीच तिची गत. तरीही मी उत्तर सांगताना अडखळते.

तिनं विचारलेलंच एक उदाहरण घेते. पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांची अभिक्रिया संतुलित करायची. उत्तर सहा आकड्यांचं आहे: डावीकडे २ आणि १६, उजवीकडे पोटॅशियम क्लोराइडचे २, मँगनीज क्लोराइडचे २, पाण्याचे ८ आणि क्लोरीनचे ५. हे आकडे हातात दिले तर बरोबर की चूक हे ती दोन मिनिटांत ताडून पाहील. हायड्रोजन दोन्हीकडे १६, ऑक्सिजन ८, क्लोरीन १६. तेच आकडे शोधायचे तर इलेक्ट्रॉन कुणी सोडले, कुणी घेतले, इथून सुरुवात करावी लागते आणि अर्धा तास सहज जातो. माझी भीती त्या अर्ध्या तासाची आहे. ताडून पाहण्याचा आनंद मिळाला की शोधण्याची भूक मरते, असं मला वाटत आलंय.

पण ते खरं आहे का? उत्तरावरून मागे जात रीत शोधणं हीसुद्धा एक रीतच आहे. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं छापलेली असतात, ती उगाच नाही. आणि परीक्षा तरी तिच्याकडून काय मागते? बारावीच्या बोर्डात पायऱ्यांना गुण असतात. सीईटीत मात्र पदार्थविज्ञान आणि रसायन मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न, गणिताचे आणखी ९० मिनिटांत ५०. चार पर्याय, त्यातला एक निवडायचा. रीत कुणी पाहत नाही. तिचं पुढचं आयुष्य ज्या कागदावर ठरणार, तोच कागद तिला म्हणतो, निस्तं उत्तर सांग. तिनं ते वाक्य माझ्यापाशी म्हटलं, तर ते तिचं तरी कसं म्हणायचं?

ओंजळीवरून मन पाण्याच्या घड्याळाकडे गेलं, आणि तिथून हटेना. घटिकापात्र: पाण्यावर तरंगणारी वाटी, बुडाला बारीक छिद्र. पाणी आत झिरपत जातं आणि २४ मिनिटांनी, म्हणजे एका घटकेनं, वाटी बुडते. भास्कराचार्यांनी लेकीच्या लग्नाचा एकुलता एक शुभ मुहूर्त गाठायला ही वाटी मांडली, अशी कथा आहे. मुलगी कुतूहलानं वाकून पाहू लागली, अंगावरचा मोती निसटला, छिद्र बुजलं, वाटी बुडेचना. मुहूर्त टळून गेला. मग बापानं तिच्या नावानं ग्रंथ लिहिला, 'लीलावती'. ग्रंथ साधारण ११५० चा. कथा मात्र संस्कृत पोथीत नाही. ती येते १५८७ मध्ये फैजीनं अकबरासाठी केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत. या फैजीचा धाकटा भाऊ अबुल फजल दख्खनच्या मोहिमेवर आला. जालना तेव्हा अकबराच्या एका सरदाराकडे जहागीर होतं आणि काही काळ अबुल फजल इथे राहिला, असं गॅझेटियर सांगतं. मस्तगडची गढी तेव्हा उभी नव्हती, कुंडलिका नदी होती. भाऊ वारलेला. अबुल फजलच्या सामानात भावाची ती पोथी असेल का? याला आधार नाही, पण इथे राहून मला तसं मानावंसं वाटतं.

कथा खरी असो वा नसो, तिच्यातला बाप मला सोडत नाही. लेकीचं सगळ्यात मोठं नुकसान झालंय आणि तो तिला देतो काय, तर गणितं. मोडलेला बांबू, तळ्यातलं कमळ, मोर आणि साप, मधमाश्यांचा थवा. ज्या कुतूहलानं घात केला, त्यालाच आणखी खाद्य. याला मदत म्हणायचं की माणूस हतबल झाला की हाताशी असेल ते देतो, एवढंच?

आणि तो ग्रंथही एकट्यादुकट्याला पेलणारा नव्हता. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. १२०७ चा तो शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याचा शेवट मराठीत आहे आणि त्यात चक्क बाजाराचा हिशेब आहे: पेठेतल्या विक्रीवरचा कर मठाला, तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला. त्या तेल्याला त्रैराशिक येत होतं का, कोण जाणे. पण कुणाचं तरी गणित सुटावं म्हणून गावाचं तेल जात होतं. ज्याची ओंजळ त्यानंच भरावी, असं तिथे कुणी म्हटलेलं दिसत नाही.

इथवर आल्यावर माझी भूमिका सोपी व्हायला हवी होती. विचारील ते सांगावं, सढळ हातानं सांगावं. तशी ती होत नाही. कारण पाटणच्या मठाला तेल मिळत होतं, उत्तरं नव्हे. गावानं शिकण्याचा खर्च उचलला, शिकणं उचललं नाही. ही रेघ शिलालेखात स्पष्ट आहे. माझ्यासमोरच्या वहीत ती कुठे ओढायची, ते समजत नाही. पहिली पायरी सांगितली तर ते तेल की उत्तर? दुसरी? आणि मी रेघ ओढत बसले तेवढ्यात तिनं गणिताचा फोटो काढून मोबाइलवर टाकला, तर क्षणात उत्तर रीतीसकट येतं. तिथे अडखळणारं कुणी नसतं. माझं अडखळणं हीच कदाचित मी देऊ शकते अशी एक गोष्ट असेल. किंवा ते निव्वळ म्हणीचं ओझं असेल, जे मी शिक्षण समजून तिच्या खांद्यावर ठेवते आहे. दोन्ही मला सारखंच पटतं, आणि उद्या तिला गतीची समीकरणं हवी आहेत.