शेरडांनी सोडलेली फुले

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराने पाऊस अडवल्यावर पलीकडे उरणाऱ्या कोरड्या पट्ट्यात, वसलेल्या आटपाडीच्या माणदेशी अंगणांत भर उन्हाळ्यातही जी फुले तग धरतात, त्यांत कण्हेर, बिट्टी म्हणजेच पिवळी कण्हेर आणि सदाफुली ठळकपणे दिसतात. माळावरच्या रुईसह ही सारी झाडे करवीर कुलातील असून विषारी आहेत. ही निवड जितकी घरधन्याची, तितकीच शेळ्यामेंढ्यांची आहे, कारण मेंढपाळांच्या या मुलखात कुंपणाबाहेर लावलेल्या गोड पानांचा फडशा पडतो आणि कडू पानांना सहसा कोणी तोंड लावत नाही.

दुष्काळी सालात कडब्याच्या गंजीला राखण लागते, तशीच तुटपुंज्या पाण्यावर धरलेल्या पानालाही लागते. आणि झाडाला पळता येत नसल्यामुळे ही राखण त्याच्या रसातच असते. कण्हेरीतील ओलिअँड्रिन हे हृद्-ग्लायकोसाइड, म्हणजे साखरेचा अंश जोडलेले आणि हृदयावर परिणाम करणारे संयुग होय. पेशीतील सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा प्रथिनांचा पंप ते रोखते, त्यामुळे पेशीत कॅल्शियम साठते, ठोके आधी जोरकस आणि पुढे अनियमित होतात, आणि मात्रा वाढल्यास हृदय थांबते. याच जातीच्या द्रव्याचे औषधी रूप विल्यम विदरिंग यांनी 1785 मध्ये डिजिटॅलिस या वनस्पतीवरील ग्रंथात मांडले होते. गंमत अशी की बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी रुईचे विष पचवून अंगात साठवते आणि पक्ष्यांना नकोशी होते.

दिवाणखान्यातील मनीप्लांट आणि डिफेनबाखिया यांची कुळकथा मात्र वेगळी आहे. ही मूळची दमट, उष्ण रानांतील झाडे असून तिथे दाट सावलीत पाण्याऐवजी उजेड दुर्मिळ असतो, आणि म्हणून तिथेही पान महागच पडते. अळूशी नाते सांगणाऱ्या या झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. पान चावताच त्या तोंडात रुततात, आग होते, जीभ सुजते. अळूची खाज चिंचेने आवरते, पण म्हणून या पानांवर तो प्रयोग करू नये.

खरा धोका कण्हेरीच्या छाटणीचा आहे. तिचे पान वाळल्यावरही विषारीच राहते, म्हणून छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नयेत आणि कडब्यात तर मिसळूच देऊ नयेत.