बिल्ल्याचे खरे वय

दोन वर्षांपूर्वी 1 जानेवारीला आमच्या वस्तीतल्या विहारात माझे भाषण होते. शेजारच्या आजींनी सासऱ्यांचा टोपीवरचा बिल्ला आणून दिला. त्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ आणि खाली ‘महार’ हा शब्द. मी तो हात उंचावून सर्वांना दाखवला आणि म्हणालो, “हा 1818 च्या लढाईतल्या शूरवीराचा बिल्ला आहे!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त हवालदार जवळ आले. जयभीम करून हळूच म्हणाले, “भाऊ, लढाई झाली 1818 ला. स्तंभाची पायाभरणी झाली 1821 ला. मग लढणाऱ्याच्या टोपीवर स्तंभ आला कुठून?”

माझी मान खाली गेली. एवढा साधा हिशेब कारकुनी करणाऱ्या माणसाला सुचू नये!

मग हवालदारांनीच मला बिल्ला वाचायला शिकवले. महार रेजिमेंट उभी राहिली 1 ऑक्टोबर 1941 रोजी, बेळगावला. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर स्तंभ आणि ‘महार’ एवढेच होते. 1946 साली ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि एकमेकींना छेदणाऱ्या दोन मशीनगन बिल्ल्यावर आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. म्हणजे नुसता स्तंभ असेल तर तो नमुना पहिल्या काळातला.

बिल्ल्याची मागची बाजूही पाहावी. ठशाने दाबून केलेल्या बिल्ल्याच्या मागे नक्षीचा उलटा खोलगटपणा दिसतो. ओतीव बिल्ला जाड आणि खरबरीत असतो. नकली बिल्ले बहुधा असल्यावरून साचा घेऊन ओततात, त्यामुळे अक्षरांच्या कडा बोथट होतात. पण युद्धकाळात आपल्याकडे अस्सल बिल्लेही ओतून होत. तेव्हा ओतीव दिसला की लगेच नकली म्हणू नये. आणि चिंच-राखेने घासून चकचकीत तर मुळीच करू नये, नक्षी झिजते.

खरे अवघड काम पुढेच होते. आजींना सांगायचे कसे? मी घरी गेलो, चूक कबूल केली. आजींचा चेहरा उतरला. त्यांचा नातू म्हणाला, “काका, जुने बाजारवाले दोन हजार द्यायला तयार आहेत. 1818 चा नाही तर ठेवायचा कशाला?”

मी म्हणालो, “आधी ट्रंक उघड.”

पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी सासऱ्यांचे डिस्चार्ज बुक निघाले. भरती 1942, सुटका 1946. बिल्ला आणि कागद एकच साक्ष देत होते.

मग मी नातवाला सांगितले, “अरे, 1892 च्या सुमारास इंग्रजांनी आपल्या माणसांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात 1917 ला 111 महार ही पलटण काढली, ती 1921 ला मोडली. गरज होती तेव्हा घेतले, सरली तेव्हा घरी पाठवले. 1941 साली व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक मंडळावर बाबासाहेबांची नेमणूक झाली आणि त्यांनी महारांच्या पलटणीचा आग्रह धरला. तुझा पणजा त्या उघडलेल्या दारातून आत गेला. हे काय कमी आहे?”

नातू गप्प बसला. आजींनी बिल्ला पदराने पुसला आणि डिस्चार्ज बुकात ठेवला. तो आजही तिथेच आहे.

भगवान बुद्धांनी सांगितले, ऐकले म्हणून मानू नका, पारखून घ्या. आपल्या इतिहासालाही तोच नियम लावला पाहिजे. आपण एक खोटी तारीख सांगितली की विरोधक आपल्या दहा खऱ्या तारखा खोट्या ठरवतात.

म्हणून समाजबांधवांना विनंती आहे. घरातली ट्रंक उघडा. बिल्ला, पदक, डिस्चार्ज बुक एकत्र ठेवा. कुणाचे, कोणत्या सालचे, ते कागदावर लिहा. म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या. त्या 1 जानेवारीला केलेली चूक मी पुढच्या 1 जानेवारीला त्याच विहारात उभा राहून दुरुस्त केली. टाळ्या कमी पडल्या, पण आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

जयभीम!