७३० दिवसांची हजेरी

आपल्या कॉलेजात ७५ टक्के हजेरी भरली नाही तर काय होतं, हे होस्टेलवरच्या कुणाला सांगायला नको. डिफॉल्टर लिस्ट लागली की मेडिकल सर्टिफिकेटसाठी जी पळापळ होते, ती सगळ्यांनी पाहिलीय. पण एखाद्या देशानेच हजेरी मागितली तर? ते मला या सुट्टीत आत्यामुळे कळलं.

आत्या टोरांटोजवळ मिसिसागाला राहते. ती कॅनडाची नागरिक नाही, पर्मनंट रेसिडेंट आहे. नाव 'पर्मनंट', पण कार्ड साधारण पाच वर्षांचं. अट अशी की मागच्या पाच वर्षांत निदान ७३० दिवस तिथे राहिलेलं पाहिजे. टक्केवारी काढली तर ४०. मी म्हटलं, "आत्या, आमच्यापेक्षा तुझं सोपं!" ती हसली नाही.

कारण आमची आजी. आजीला अर्धांगवायूचा झटका आला. आई-बाबा दोघंही नोकरीवर. म्हणून आत्या चार वेळा नाशिकला आली आणि कधी सात, कधी दहा-अकरा महिने राहिली. काका कॅनडाचे नागरिक आहेत. नागरिक असलेल्या नवऱ्यासोबत परदेशात काढलेले दिवस तिथे हिशेबात धरतात. पण काका नोकरीमुळे तिकडेच, आत्या इकडे एकटी. त्यामुळे त्या सवलतीचा उपयोग शून्य.

तिने दोन्ही पासपोर्टांचे फोटो पाठवले आणि मी एक्सेल शीट बनवली. कॅनडातून निघताना शिक्का बसत नाही, म्हणून मुंबईचे शिक्के आणि तिकिटं जुळवून तारखा लावल्या. एक गोष्ट बरी निघाली. दिवसाचा थोडा भाग जरी कॅनडात गेला, तरी तो अख्खा दिवस मिळतो. म्हणजे ३ मार्चला निघून १० मार्चला परतलं, तर गैरहजेरी सहाच दिवसांची. शेवटी १८२६ पैकी १०७४ दिवस बाहेर, ७५२ आत. शिल्लक फक्त २२!

पण हिशेब म्हणजे पुरावा नव्हे. घर काकांच्या नावावर, लाइटबिल काकांच्या नावावर, पगाराची स्लिप आत्याला नाहीच. पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरणाऱ्या बाईची हजेरी कोण लावतं? तिच्या नावाचे कागद निघाले ते एवढेच: इन्कम टॅक्सच्या असेसमेंट नोटिसा, फॅमिली डॉक्टरकडच्या नोंदी आणि बँक स्टेटमेंटमधली वाणसामानाची खरेदी, तारखेसकट.

मग तिने आजीची हॉस्पिटलची फाइल स्कॅन करायला सांगितली. ही कशाला? तर दिवस कमी भरले, तरी माणुसकीच्या कारणांचा विचार करायची सोय त्यांच्या कायद्यात आहे. असू दे जवळ, म्हणाली. फाइल उघडली तर पानोपानी 'नातेवाईकाची सही' इथे आत्याचीच सही. हजेरी तर हीसुद्धा आहे, पण ती कुठल्या मस्टरवर मांडायची?

अर्ज गेलाय. कार्डाची मुदत संपल्याने रेसिडेंट हा दर्जा आपोआप जात नाही, पण चालू कार्ड नसेल तर परतीच्या विमानात बसायला वेगळं प्रवासपत्र काढावं लागतं. म्हणून नवीन कार्ड हातात येईपर्यंत ती हलणार नाही. आजीला आता नीट बोलता येत नाही, तरी फोनवर एवढं विचारते, "दिवाळीला येतेस ना?" आत्या म्हणते, "बघते." आजीला वाटतं लेक सवड बघतेय. खरं म्हणजे ती माझी एक्सेल शीट बघत असते.

मित्रांनो, आपल्यातले पुष्कळजण उद्या एम.एस.ला, नोकरीला बाहेर जातील. पहिल्या दिवसापासून येण्याजाण्याच्या तारखा वहीत लिहा, बोर्डिंग पास टाकू नका. आणि घरातलं एखादं बिल तरी आईच्या, बायकोच्या नावावर असू द्या. त्या तिथे राहतात, हे कुठेतरी कागदावर यायला हवं.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल