कातरलेला फोटो

या अंकातले एखादे रंगीत चित्र भिंगाखाली धरून पाहा. जांभळा रंग तिथे नसतोच. निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके तेवढे दाटीवाटीने बसलेले दिसतात. रंगीत चित्र छापायचे म्हणजे आधी ते रंगारंगांत फोडायचे आणि कागदावर पुन्हा सांधायचे. ही फोडाफोड जुनीच आहे. १८६१ साली मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञाने एका रंगीत फितीची तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगांआडून वेगवेगळी छायाचित्रे घेववली, ती पडद्यावर एकमेकांवर पाडली आणि फितीचे रंग परत आणून दाखवले.

माणसांची फोडाफोड निराळी. तिथे सांधायची सोय कोणी ठेवीत नाही. आजीच्या माघारी, १९८६ साली, आमच्या घरची वाटणी झाली. वडील साताऱ्यास राहिले, काका सांगलीस गेले. भांडी मोजून वाटली, शेतात बांध पडला. १९६१ सालचा कुटुंबाचा फोटो मात्र एकच होता, तो कात्रीने मधोमध कापला गेला. आजी आमच्या वाट्याला आली. तिच्या शेजारी उभे असलेले नऊ वर्षांचे काका सांगलीला गेले. आमच्या तुकड्यात आजीचा एक हात मनगटापाशीच संपत होता. ‘आई थोरल्याचीच होती,’ असे काका जन्मभर म्हणत आले.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा पूर सांगलीत शिरला. काकांचा तुकडा भिजला आणि त्यावर पिवळट तपकिरी डाग धरले.

गेल्या उन्हाळ्यात मी दोन्ही तुकडे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या स्टुडिओत नेले. त्याच्या संगणकावर ‘गिम्प’ नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ते लिहायला घेतले. त्याला आपल्या गरजेप्रमाणे छोट्या छोट्या आज्ञावल्या जोडता येतात. त्यांना ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. आम्हा मास्तरांच्या भाषेत सांगायचे तर हे फळ्यावर एकदा सोडवून दाखवलेले उदाहरण. पुढची सारी गणिते यंत्राने त्याच रीतीने सोडवायची.

फोटो स्कॅनरच्या काचेहून मोठा, म्हणून एकेका तुकड्याचे दोन असे चार भाग करून घेतले. स्क्रिप्टने प्रत्येक भाग तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन थरांत फोडला.

“सर, हे पाहा.”

निळ्या थरात पुराचे डाग काळेकुट्ट दिसत होते. तांबड्या थरात ते जवळजवळ नव्हतेच. पिवळट डाग निळा प्रकाश गिळतो आणि तांबडा सोडून देतो, एवढेच त्यातले इंगित. मूळ फोटो कृष्णधवल. तेव्हा त्याने तांबडा थर तेवढा ठेवला आणि चारही भाग जागच्या जागी बसवले. मधे कात्रीची केसाएवढी रेघ उरली.

“भरून टाकू का? कळणारसुद्धा नाही.”

“नको,” मी म्हणालो. वाटणी झाली होती, हे काही खोटे नव्हते.

मग माझे लक्ष काकांच्या खांद्याकडे गेले. तिथे काहीतरी पांढुरके होते. इतकी वर्षे सगळे ते सदऱ्याची चुणी समजत. ती चार बोटे होती. रेघेच्या अलीकडे आजीचे मनगट होते.

मी फोटो सांगलीला घेऊन गेलो. काकांनी चष्मा दोनदा पुसला.

“दादाला दाखवलास?”

“दाखवला.”

“काय म्हणाला?”

“म्हणाले, फोटोवाल्याने डोक्यावर काळे कापड घेतले तेव्हा धाकटा पळत सुटला होता, म्हणून आईने त्याला धरून ठेवला.”

काका बराच वेळ त्या बोटांकडे पाहत राहिले.

“पळत नव्हतो,” ते म्हणाले. “भ्यालो होतो.”

या दिवाळीला ते साताऱ्यास यायचे आहेत.