दाराशी बसलेला दुभाष्या

भाषांतरकाराने मूळ मजकुराचे भान सुटू देऊ नये आणि स्वतः मात्र शक्यतो दिसू नये, अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा एक यंत्र कशी पूर्ण करते, हे मी गेली अनेक वर्षे घरात पाहतो आहे. आमचा ब्रॉडबँड मोडेम आणि घरातील बाकीचे संगणक यांच्यामध्ये मी एक जुना संगणक बसवला आहे. तंत्रज्ञांच्या बोलीत त्याला गेटवे म्हणतात. त्याच्या एका मुख्य कामाचे नावच ‘पत्त्यांचे भाषांतर’ असे असल्यामुळे साहित्य शिकवणाऱ्या माणसाला त्याबद्दल कुतूहल वाटावे, हे स्वाभाविकच.

रचना साधी आहे. संगणकात दोन नेटवर्क कार्डे. एकाची तार मोडेमकडे जाते, दुसऱ्याची स्विचमधून घरात. संगणकावर लिनक्स चालते. एरवी सेवा देणाऱ्या कंपनीचा मोडेमच दारावरची सगळी कामे करतो, आणि त्याची मांडणी दुरून बदलण्याची सोय कंपनीकडे असू शकते. मोडेम ‘ब्रिज’ अवस्थेत ठेवला की तो केवळ तारेवरच्या संकेतांचे रूपांतर करण्यापुरता उरतो. नाव आणि परवलीचा शब्द सांगून जोडणी मिळवण्याचे काम गेटवेकडे येते.

आमच्याकडे तांब्याच्या तारेची जोडणी होती तेव्हा हे काम पीपीपीओई या पद्धतीने होई. तिचा मसुदा १९९९ साली प्रसिद्ध झाला. इथरनेटच्या एका पाकिटात १५०० बाइट मावतात. या पद्धतीला त्यातले ८ स्वतःसाठी लागतात आणि मजकुराला १४९२ उरतात. हे माप दोन्ही बाजूंना वेळीच कळले नाही, तर छोटे निरोप सुखरूप पोहोचतात, पण मोठी पाने वाटेतच अडकतात. जोडणी आहे, पत्ता मिळाला आहे, तरी पान उघडत नाही, असा विचित्र प्रकार घडतो. म्हणून प्रत्येक संभाषणाच्या आरंभीच दोघांना लहान माप सांगण्याचा नियम गेटवेमध्ये घालावा लागतो. पोहोचवणाऱ्यालाही जागा लागते, हे भाषांतराचा तास घेणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता पत्त्यांविषयी. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा असतो. म्हणजे सारे पत्ते मिळून सुमारे ४२९ कोटी. ते जगाला पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९४ मध्ये पत्त्यांच्या भाषांतराची कल्पना मांडली गेली, आणि १९९६ मध्ये काही पत्ते खासगी वापरासाठी कायमचे राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. असंख्य घरांत ते जसेच्या तसे आढळतात. ‘मारुतीच्या देवळामागे’ हा पत्ता गावात पुरतो, गावाबाहेर त्याला अर्थ उरत नाही; तसेच हे. घरातून निघालेल्या प्रत्येक पाकिटावरचा हा गावातला पत्ता गेटवे पुसतो, तेथे स्वतःचा लिहितो, आणि कोणाचे पाकीट कोठे गेले याची नोंद वहीत करतो. उत्तर आले की वही पाहून ते ज्याचे त्याला देतो.

माझ्या दृष्टीने खरा प्रश्न या वहीपाशी सुरू होतो. मी ती पडद्यावर उघडून पाहत असताना कॉलेजात जाणारी माझी मुलगी मागे येऊन उभी राहिली. तिने विचारले, “बाबा, आम्ही काय वाचतो ते यात दिसतं का?” मी म्हणालो, “मजकूर दिसत नाही. पण कोणता संगणक कोणत्या पत्त्याशी बोलतोय ते दिसतं. आणि ठरवलं तर संकेतस्थळांची नावंही बरीचशी नोंदवता येतील.” त्यावर ती म्हणाली, “मग कंपनीत आणि तुमच्यात फरक काय?”

प्रश्न रास्त होता. दार परक्याच्या हातून काढून घेतले म्हणजे घरातली सगळी माणसे मोकळी होतात असे नाही. किल्ली फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जाते. बापाच्या हातातली किल्ली कंपनीच्या किल्लीहून सौम्यच असेल, असे आपल्या कुटुंबव्यवस्थेकडे पाहून कोण म्हणेल?

त्या वहीचा एक गुण मात्र मला मोलाचा वाटतो. ती विसरते. लिनक्सच्या मूळ मांडणीत एखाद्या छोट्या विचारणेला उत्तर आले नाही, तर तिची नोंद ३० सेकंदांत पुसली जाते. जुळलेले पण निःशब्द झालेले टीसीपी संभाषण ५ दिवसांनी विस्मरणात जाते. भाषांतरासाठी लागते तेवढीच स्मृती. त्यापलीकडे लक्षात ठेवायचे तर तशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. म्हणजे पाळत ही या यंत्राची गरज नव्हे, ती माणसाची इच्छा आहे. वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांत मागच्या पानावर तारखांचा कागद चिकटवलेला असे. पुस्तक किती हातांतून गेले ते त्यावरून कळे. ते हात कोणाचे, हे कळत नसे. वाचकाला एवढा आडोसा मिळायलाच हवा, मग तो वाचक आपल्या घरातला का असेना.

संकेतस्थळांच्या नावांची नोंद ठेवण्याची सोय आमच्या गेटवेमध्ये आहे. ती मी बंद ठेवली आहे. अर्थात दाराबाहेरचा रस्ता कंपनीचाच आहे, आणि तेथे काय टिपले जाते यावर माझा ताबा नाही. तांब्याची तार जाऊन प्रकाशतंतू आला, तरी यात फरक पडलेला नाही. दाराच्या आतल्या बाजूचे मात्र आम्हाला ठरवता येते. गेटवेचा परवलीचा शब्द आता मुलीकडेही आहे, आणि नोंद चालू आहे की बंद हे कोठे पाहायचे, ते तिला ठाऊक आहे.