जाळीतलं आकाश

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. ताऱ्यांचा धडा आला की दरवर्षी आमचा आवाज चढतो. अल्-दबरान, अल्-ताइर ही नावं अरबी, इ. स. ९६४ मध्ये अब्दुर्रहमान अल्-सूफींनी ताऱ्यांचा सचित्र ग्रंथ लिहिला. १४३७ मध्ये समरकंदच्या उलुग बेगने हजारावर ताऱ्यांची यादी केली. मुली खूश, आम्हीही खूश. घंटा होते, धडा संपतो.

एका २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आम्ही मुलींना नारायणगावजवळच्या खोडदला नेलं. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. मोबाइल बंद करावे लागले. आकाशातून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण, की खिशातला फोनही त्यांना बुडवून टाकतो.

आठवीतली एक मुलगी वर बघत म्हणाली, "सर, इसमें तो छेद ही छेद हैं. लहर गिर नहीं जाती?"

आम्हाला उत्तर येईना. तिथल्या एका तरुण संशोधकाने मराठीत समजावलं, ते आम्ही तिला आपल्या बोलीत सांगितलं. लहर २ मीटर लांबीची, जाळीचं भोक एक-दोन सेंटीमीटरचं. लहरीच्या दृष्टीने ती भिंतच. वारा मात्र आरपार जातो, वजन कमी राहतं, खर्च वाचतो.

याच तबकड्यांनी २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचा नकाशा टिपला. सुमारे ९० टक्के आकाश. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत ६ लाखांहून अधिक रेडिओ स्रोत आहेत. ते डोळ्यांना दिसणारे तारे नव्हेत, बहुतेक दूरदूरच्या दीर्घिका. यादी सगळ्यांसाठी खुली आहे.

"उसमें अपने नाम हैं, सर?" परतताना तिने विचारलं.

नाहीत. तिथे नावांऐवजी आकाशातल्या स्थानाचे आकडे आहेत.

रात्री आम्हाला झोप लागली नाही. अल्-सूफींनी टॉलेमीची जुनी यादी नुसती मिरवली नव्हती. एकेका ताऱ्याचं तेज स्वतः पाहून तपासलं होतं. आम्ही मात्र त्यांचं नाव मिरवत राहिलो. आमच्याच जिल्ह्यात आकाश नव्याने मोजलं जात होतं आणि आमच्या फळ्यावर त्याची एक रेघही नव्हती.

यंदा धडा अल्-सूफींवर संपवला नाही. जाळीच्या भोकापासून सुरू केला.